प्रस्तावना : करणारीसकट पाच

मुंबईत दुपारी कचेरीच्या दारात जो जेवणाचा डबा पोचतो, तो पोचवणारे हात आपल्याच भागातले असतात. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हा धंदा सुरू केला असं मानतात. तेव्हापासून मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नरच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यात आहेत. सव्वाशेहून जास्त वर्षं या माणसांचं पोट एका साध्या गोष्टीवर चाललं : कामावरच्या माणसाला घरचं जेवण हवं असतं आणि रोज बाहेर खाणं त्याला परवडत नाही. डबेवाल्यांच्या शिस्तीवर पुष्कळ लिहिलं गेलं, परदेशातूनही माणसं येऊन पाहून गेली. पण डबा पोचवणारा स्वतः काय जेवतो, आणि गावाकडे त्याच्या घरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चुलीवर काय शिजतं, ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. या पुस्तकाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

बेताच्या पैशात घर जेवू घालणं याला आपल्याकडे एक शब्द आहे : भागवणं. ‘आहे त्यात भागवते’ असं बाई म्हणते. काटकसर म्हटलं की हात आखडल्यासारखं वाटतं, भागवणं तसं नाही. आपण तहान भागवतो, भूक भागवतो, आणि त्याच शब्दात भागही आहे, वाटणीचा. आहे तेवढ्याचे भाग करायचे आणि तरी प्रत्येकाची भूक पुरी व्हायची. ही विद्या आहे, आणि शिकल्याशिवाय ती येत नाही. पाव किलो मटकीत पाच माणसांचं कालवण कसं होतं हे माहीत असणारी बाई आणि ते माहीत नसणारी बाई, दोघींच्या पिशवीत पैसे सारखेच असले तरी दोघींच्या घरची रात्र सारखी नसते.

आता या पुस्तकाचे दोन तालुके, जुन्नर आणि आंबेगाव. नवख्या वाचकाला जुन्नर म्हणजे शिवनेरी आणि लेण्याद्री, आंबेगाव म्हणजे भीमाशंकर एवढं माहीत असतं. स्वयंपाकघराच्या बाजूनं पाहिलं तर इथे तीन मुलूख आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याखाली आणि कड्यावर महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची गावं. तिथे पाऊस उदंड, जमीन थोडी आणि उताराची. पडकई करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून उतारावर बांध घालून, भाताची खाचरं काढलेली. भात, नाचणी, वरई, सावा हे धान्य आणि हिरडा हे रोख पैशाचं साधन. मधला पट्टा कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली आणि इथे ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा आला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. पूर्वेला बेल्हे-आण्याचं पठार आणि आंबेगावातली लोणी-धामणीची बाजू. तिथे पावसाची वाट पाहणं हाच धर्म. बाजरी, मटकी, हुलगा हीच मुख्य पिकं. पन्नास-साठ किलोमीटरच्या आत भाताची पेज, उसाच्या बांधावरची पालेभाजी आणि हुलग्याचं माडगं अशी तीन स्वयंपाकघरं एकमेकांना लागून आहेत. तिन्हींची गरिबी निराळी, म्हणून भागवण्याच्या युक्त्याही निराळ्या.

हा मुलूख धान्याचा व्यापार करत आला तो आजकालचा नाही. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कोकणात माल उतरत होता. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं भिक्षूंसाठी सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या दाणेवाल्यांकडे डोंगर कोरण्याइतका पैसा होता. त्यांच्याकडून शेर-अदपाव दाणे नेणाऱ्यांनी घरी काय रांधलं, ते मात्र कुठल्याही कातळावर कोरलेलं नाही.

लिहिलेल्या पाकशास्त्राची गोष्ट फार उशिरा सुरू होते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये निघालं. मराठीतलं पहिलं छापील पाकपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. लगेच पुढच्या वर्षी दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला. १८७७ मध्ये इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी अशी उतरवली, की तिच्यात दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ काही एवढंच यावं. एवढ्यावर अंगमेहनत करणारा माणूस जगतो का, यावरून तेव्हा मोठा वाद झाला, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्या वादात मजुरांच्या बाजूनं उभी राहिली. मला या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकीकडे बासुंदी आणि पुरणाची मापं छापली जात होती. दुसरीकडे सरकार माणसाला जगायला कमीत कमी किती दाणे लागतात ते मोजत होतं. बेताच्या पैशातल्या स्वयंपाकाचा लेखी विचार पुढे या दोन वाटांनी चालत आला, आणि दोन्ही वाटांची गाठ फार क्वचित पडली.

पाकपुस्तकांची वाट आधी पाहू. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. पांढरपेशा घरातल्या नव्या गृहिणीला हाताशी धरून शिकवणारं हे पुस्तक पिढ्यांना पुरलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याचं माप त्यानं घराघरांत नेलं. या मापाचं मोल मोठं आहे. ज्या घरात तराजू नाही, त्या घरातही वाटी असते. तरीही या पुस्तकांचं घर बहुतेक ठरलेलं : शहरातलं, भरल्या डब्यांचं, चार प्रकारच्या डाळी असलेलं. बाजरीची भाकरी आणि ठेचा त्यांत असला तरी पाहुण्यासारखा. ही उणीव पुढच्या काळात काहींनी भरून काढली. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मराठवाड्यातल्या दलित घरांच्या अन्नाविषयी आहे, आणि कोण काय खातो हे कोणाच्या वाट्याला काय येतं यावरून ठरतं, ते त्यानं उघड मांडलं. जुन्नर-आंबेगावच्या चुलीविषयी तेवढ्या स्पष्टपणे अजून कुणी लिहिलेलं नाही.

दुसरी वाट मोजणाऱ्यांची. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्याला करता येत नाही, तो गरीब, अशी त्यांची मांडणी. या अभ्यासानं गरिबीला आकडा दिला आणि धोरणाला कामाला लावलं, त्याबद्दल आदरच आहे. पण उष्मांक ताटात वाढता येत नाहीत. तेवढ्याच पैशात भाकरी, हुलगा आणि शेवग्याचा पाला जेवता येतो, आणि पाव-बटाटाही. आकड्यांत दोन्ही सारखे, अंगात सारखे नाहीत.

पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून दोन शब्द अजून ऐकू येतात : सुकडी आणि मिलो. सुकडी दुष्काळी कामावर वाटत, आणि मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची, घशाखाली उतरायची नाही, तरी खाल्ली, असं सांगताना आजही त्यांचा हात नकळत थापल्यासारखा हलतो. त्या कामांतूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. पण त्या दोन वर्षांत बायकांनी काय काय शोधलं, कोणता पाला उकळून पाणी टाकून दिल्यावर खाता येतो, कोणत्या बिया भाजल्या की दळता येतात, ते सरकारी अहवालांत आलं नाही. ते सुनांना सांगितलं गेलं, आणि सुनांच्या सुनांना सांगायचं राहून गेलं.

तिसरी वाट सार्वजनिक चुलीची. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून एकट्यानं आलेल्या पुरुषांना खानावळवाल्या बाया जेवू घालत. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू हेही गिरणी कामगारच होते. इथल्या किती घरांचं मुंबईशी नातं गिरणी, डबा आणि खानावळ यांतून जडलं, ते या एका नावावरून ध्यानात यावं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि घरचा स्वयंपाक हेही मोल असलेलं काम आहे हे बँकेला मान्य करायला लावलं. सरकारनंही चूल मांडून पाहिली. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी. याला धर्मादाय म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून गाडी खाली करणाऱ्या हमालाला दुपारी ताजं भात-वरण मिळतं, यात कमीपणाचं काही नाही. आपल्याकडे तर गावजेवणाची रीत जुनीच आहे. आण्याला रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. घराघरांतून भाकरी येते, आमटी एकत्र शिजते. भाकरीचा भार वाटून घेतला की हजारोंचं जेवण उभं राहतं, हे गावाला कुणी शिकवावं लागलं नाही.

या तिन्ही वाटांच्या बाहेर एक चौथी आहे, आणि या पुस्तकाची वाट तीच : घरातली, तोंडी चालत आलेली, रोजची. तिच्यातल्या दोन-तीन गोष्टींपाशी मी थोडा थांबणार आहे.

पहिली गोष्ट शेंगोळ्यांची. हुलगा हे गरिबाचं कडधान्य. हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर येतं आणि जमिनीचा कस वाढवून जातं. त्याचं पीठ लसूण, जिरं, तिखट-मीठ घालून घट्ट मळायचं, हातावर वळून त्याची कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. शिजता-शिजता पीठ थोडं सुटतं आणि पाणी आपोआप दाट होतं. कालवण वेगळं नाही, भाजी वेगळी नाही, भांडं एकच, सरपण एकदाच. तेल लागतं ते फोडणीपुरतं. थंडीत रात्री हे जेवण पोटात गेलं की पहाटे पाणी धरायला जाणारा माणूस उपाशी नाही याची खात्री. पाहुण्यांपुढे ठेवायला लाजावं असा हा पदार्थ एके काळी होता. हुलग्याबरोबर बाजरीची भाकरी कुस्करली की एकात जे प्रथिन उणं ते दुसरं भरून काढतं, हे आहारशास्त्र आता सांगतं. आमच्या आज्या एवढंच म्हणायच्या की हुलगा खाल्लेला माणूस दमत नाही.

दुसरी गोष्ट तेलाची. जुन्या कालवणांत तेल कमी आणि चव भरपूर, हे कसं, असं नव्या मुली विचारतात. पूर्वी स्निग्धपणा बियांतून यायचा. हावरी, कारळं, शेंगदाणे, सुकं खोबरं भाजून कुटून कालवणात किंवा चटणीत जायचं. आमच्याकडे तिळाला हावरी म्हणतात. कारळ्याची चटणी आणि भाकरी म्हणजे तेलाची बाटली न उघडता झालेलं जेवण. हॉटेलातली तर्री म्हणजे वरून ओतलेलं तेल. ते दिसायला झणझणीत आणि हॉटेलवाल्याला सोपं, कारण त्याला कुटत बसायचं नाही. घरी तीच तर्री करायला जाऊन महिन्याचा तेलाचा डबा वीस तारखेला संपतो, असं किती घरांत झालंय ते मी पाहिलंय.

तिसरी आंबटपणाची, आणि इथे मला थोडं सविस्तर सांगायचंय. नारायणगाव हा टोमॅटोचा मोठा बाजार. क्रेटच्या थप्प्या, पहाटेपासून लागलेल्या गाड्या, परराज्यांतले व्यापारी. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किरकोळीत शंभर रुपये किलोच्या पुढे गेला. ज्यांच्या शेतात तेव्हा माल होता त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते एवढे पैसे पाहिले. आणि त्याच शेतांत तोडणीला जाणाऱ्या बायांच्या घरी कालवणातून टोमॅटो गेला. भाव पडले की तोच टोमॅटो बांधावर टाकलेला दिसतो. टोमॅटो आपल्या चुलीवर येऊन फार दिवस झालेले नाहीत. त्याआधी आमटी आंबट व्हायची ती चिंचेनं, ताकानं, कैरीच्या वाळवलेल्या फोडींनी, अंबाडीच्या पाल्यानं, कोकणाच्या जवळच्या गावांत आमसुलानं. चिंच बांधावर असायची. वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून, गोळे करून मडक्यात भरली की बाजारभावाशी संबंध संपला. त्या जुलैत एका घरी मी जेवलो. तिथल्या आजींनी चिंचेची आमटी केली होती, आणि सून म्हणाली, ‘टोमॅटो नसला की काय करायचं तेच मला सुचत नव्हतं.’ ती पंचवीस वर्षांची होती, टोमॅटोच्या गावातली होती. एका पिढीत एवढं विसरलं जातं. कांदा शंभरावर गेला, तूरडाळ दोनशेला टेकली, की त्या-त्या वेळी काय करायचं, याची उत्तरं या मुलखात होती. ती गोळा करणं हे या संग्रहाचं सर्वांत मोठं काम आहे असं मी मानतो.

पश्चिमेकडच्या गावांत हे ज्ञान अजून जास्त टिकून आहे, कारण तिथे बाजार लांब आहे. पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात घरातलं धान्य तळाला लागतं, लावणीची मजुरी अजून हातात यायची असते, आणि नेमकी तेव्हा रानभाजी उगवते. टाकळा, कुरडू, करटुली, भोकराचा पाला, चाईचा मोहर. ओढ्याला खेकडे. डिंभ्याच्या जलाशयात जमिनी गेलेल्या आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, तेव्हा त्या पाण्यातून निदान काही परत मिळालं. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हे कळल्यावर शहरात नाचणीला भाव आला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. त्याचा एक परिणाम मला काळजी करायला लावतो. नाचणी विकायची आणि रेशनचा तांदूळ खायचा, घरचा इंद्रायणी पुण्याला जायचा आणि ताटात दुसराच भात, हे आता घराघरांत आहे. पैसे हवेत, त्यामुळे विकू नका असं म्हणण्याचा हक्क मला नाही. पायलीभर तरी घरच्या पोरांसाठी मागे ठेवा, एवढंच म्हणेन.

रेशनचं ऋणही मान्य करायला हवं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यानं उपास टळले. त्याचबरोबर गहू-तांदूळच मिळत राहिल्यामुळे बाजरी-नाचणी मागे हटली आणि चपाती-भाताचं ताट झालं. त्या ताटात डाळ, पाला, तेलबी कुठून आणायची हा प्रश्न रेशनच्या दुकानात सुटत नाही. तो स्वयंपाकघरात सोडवावा लागतो, म्हणून या पुस्तकात रेशनच्या तांदळाला आणि गव्हाला वेगळं मोठं स्थान आहे.

मग हे आत्ताच का? बाहेरचं खाणं आता सणाचं राहिलेलं नाही. २०२३-२४ च्या राष्ट्रीय कुटुंब-खर्च पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला अन्नाचा वाटा ४७ टक्क्यांच्या आसपास आला, आणि त्या अन्नखर्चाच्या आत तयार खाणं, पेयं आणि पाकिटातले पदार्थ यांचं सदर फार मोठं झालेलं दिसतं. आकडे देशाचे आहेत, पण पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरपासून आळेफाट्यापर्यंत एकदा जाऊन यावं. मिसळ, मासवडी, वडापाव, चायनीजची गाडी. त्यातली मासवडी पाहा. हा तर आपल्या घरांतला मानाचा पदार्थ. बेसन तिखट-मिठाच्या पाण्यात घट्ट घोटायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेली हावरी, खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं, फडक्यानंच मुडपून दाबायचं आणि वड्या कापायच्या. माशाच्या तुकड्यासारखी दिसते म्हणून मासवडी. सोबत झणझणीत रस्सा. लागतं काय, तर बेसन, हावरी, थोडं खोबरं. हल्ली ती खायला पुण्याहून गाड्या येतात, हॉटेलांना चार पैसे मिळतात, गावच्या बायांना तिथे काम मिळतं, हे चांगलंच आहे. पण मासवडी ज्यांच्या घरातून रस्त्यावर गेली, त्यांच्याच मुलांनी ती फक्त हॉटेलात पाहिलेली असावी, याचं मला वाईट वाटतं. चौघांनी तिथे जेवून मोजलेल्या पैशांत घरी किती वेळा होईल, त्याचा हिशेब आत दिला आहे.

शिकणाऱ्या मुलांचीही गोष्ट यात आहे. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतले विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, याच रस्त्यानं. वसतिगृहातली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर जमा करायचं ठरलं होतं, आणि मुलांचं म्हणणं होतं की आम्हाला जेवण द्या. पैसे वेळेवर आले नाहीत तर खायचं काय, आणि आले तरी तेवढ्यात बाहेर दोन वेळचं होतं का, हा त्यांचा प्रश्न होता. तो खराच होता. त्या मुलांच्या हातात पैशांबरोबर कुणी शेगडी, कुकर आणि आठवड्याचा बेत दिला नव्हता. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत खोली करून राहणारी आपली पोरं आज त्याच अवस्थेत आहेत. या पुस्तकाचा एक वाचक मी डोळ्यांसमोर ठेवला तो असा : एकोणीस वर्षांचा, एका शेगडीचा, आईला फोन करून ‘मटकीला पाणी किती’ विचारणारा.

आता या विषयातली खरी अवघड गोष्ट. घरचं स्वस्त पडतं असं आपण म्हणतो तेव्हा हिशेबात एक रक्कम धरलेलीच नसते. ज्वारी-बाजरी निवडायची, गिरणीवरून दळून आणायची, हावरी कुटायची, मटकी भिजवून बांधायची, पंधरा-वीस भाकरी थापायच्या. टोमॅटोच्या तोडणीला सात वाजता पिकअपमध्ये बसणारी बाई यासाठी चार वाजता उठते. संध्याकाळी परत आल्यावर तिनं पोरांना टपरीवरचा वडापाव घेऊन दिला, तर तिला कुणी आळशी म्हणू नये. तिनं त्या दहा-वीस रुपयांत स्वतःचा एक तास विकत घेतलेला असतो, आणि दिवसभरात तिनं स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू असेल. काटकसरीचे जुने धडे सगळा भार एकीवर टाकून मोकळे होतात. ते मला मान्य नाहीत. घरच्या जेवणाचा आग्रह धरायचा, तर घरातल्या सगळ्या हातांनी तो निभावला पाहिजे. भाकरी येत नसेल तर पुरुषानं शिकावी. मुंबईत खोल्या करून राहिलेल्या आमच्या मागच्या पिढीतले पुरुष पाळी लावून रांधत होतेच, गावी आल्यावर तेच हात विसरायचे.

म्हणून हे पुस्तक रचताना आम्ही काही गोष्टी ठरवल्या. प्रत्येक पदार्थाला सामानाबरोबर वेळही लिहिला आहे, आणि त्या वेळात किती जण हाताशी लागतील तेही. आदल्या रात्री पाच मिनिटांत करून ठेवायचं काम वेगळं दाखवलं आहे, कारण भिजवलेला हुलगा आणि न भिजवलेला हुलगा यांत गॅसचा फरक मोठा पडतो. मापं वाटीचीच ठेवली. भाव छापले नाहीत, ते पुस्तक बांधून होईपर्यंत बदलतात. त्याऐवजी कोणत्या ऋतूत काय स्वस्त असतं आणि ते महागलं तर त्याच्या जागी काय चालतं, ते दिलं. मटण-मासेही आहेत, सुकट-बोंबीलही आहे, कारण आठवडी बाजारातून आणलेलं मूठभर सुकट वांग्यात पडलं की त्या दिवशीचं जेवण पोरांच्या लक्षात राहतं. कुणाच्याही ताटाला इथे उणं मानलेलं नाही. शहरी वाचकाला काही ठिकाणी साखर कमी, तिखट जास्त वाटेल. ते तसंच राहू दिलं.

दोन्ही तालुक्यांतल्या बायांनी आणि काही पुरुषांनी आपल्या कृती सांगितल्या. कुणी बांधावर, कुणी एसटीत, कुणी भाकरी थापता-थापता. त्यांची नावं त्यांच्या सांगण्यावरून दिलेली नाहीत. प्रत्येक कृती आम्ही एकेका घरात पुन्हा करून पाहिली, आणि तिथे एक गोष्ट ध्यानात आली. ‘किती जणांचं?’ असं विचारलं की करणाऱ्या बाया बोटांवर मोजत : सासू, सासरे, नवरा, पोरगा, चार. तेवढ्याचं पीठ घेत. वाढून झालं की भांड्यात रस्सा उरे, शेंगोळी उरत नसत. पाचवी कुणी त्यांच्या मोजण्यात आलीच नव्हती. असं एका घरी नाही, जवळजवळ सगळीकडे झालं. तेव्हा मापं सुधारून घेतली. या पुस्तकात पाच माणसं म्हणजे करणारीसकट पाच. शेंगोळ्यांच्या पानावर म्हणून चौघांसाठी सांगितलेल्या दोन वाट्यांऐवजी पाच जणांना अडीच वाट्या हुलग्याचं पीठ लिहिलेलं सापडेल.